दादा कोंडके ‘सोंगाड्या’पासून सुरू होत नाहीत : नाट्य-चित्रपट शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नाट्यशास्त्र आणि चित्रपट अभ्यास शिकवणारे प्राध्यापक, तसेच या विषयांच्या अभ्यास मंडळांवरचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

थेट मागणीवरच येतो. तुमच्या अभ्यासक्रमात दादा कोंडके यांचं १९७१ पूर्वीचं आयुष्य आणि काम नीट, वेळ देऊन शिकवलं जावं, अशी माझी मागणी आहे. १९७१ साली त्यांनी स्वतः काढलेल्या ‘सोंगाड्या’ या चित्रपटानंतरचे दादा सगळ्यांना ठाऊक आहेत. सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकातली नोंद, सेन्सॉरशी झालेल्या चकमकी, शिवसेनेच्या सभांमधली भाषणं, हे सगळं लोकांना तोंडपाठ आहे. मला बोलायचंय ते त्याआधीच्या माणसाबद्दल. ‘सोंगाड्या’ आला तेव्हा दादा चाळिशीला टेकले होते. चाळिशीपर्यंत हा माणूस काय करत होता, कुणाकडून शिकत होता, कुठल्या प्रेक्षकांसमोर घासून निघत होता, याचा पत्ता तुमच्या वर्गातल्या मुलांना नसतो. तो त्यांना लागायला हवा.

मी गिरणगावात वाढलो. नाटक-सिनेमा शिकणाऱ्या मुलांशी गप्पा मारायला मला अधूनमधून बोलावलं जातं. एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, मराठी चित्रपटाच्या इतिहासाच्या नोट्स पाहिल्या. प्रभात झालं, भालजी झाले, राजा परांजपे झाले, ‘सामना’वर एक अख्खं प्रकरण होतं आणि तिथून गाडी थेट २००४च्या ‘श्वास’वर. मधल्या काळाला एक ओळ दिली होती : ‘या काळात द्व्यर्थी विनोदाचे चित्रपट लोकप्रिय झाले.’ बस्स. ज्या माणसासाठी खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं तालुक्याच्या थिएटरवर येत होती, त्याचं नावही त्या ओळीत नव्हतं. मुलांना विचारलं तर त्यांना दादांचे चार संवाद येत होते, दोन गाणी येत होती. कलापथक म्हणजे काय, तर गाणी आणि नाट्य घेऊन लोकांमध्ये जाणारा संघ, हे एकालाही सांगता आलं नाही. दोष मुलांचा नाही.

आपल्याकडे एक खोड आहे. गंभीर नटाच्या सुरुवातीच्या दिवसांना आपण ‘जडणघडण’ म्हणतो आणि विनोदी नटाच्या त्याच दिवसांचे ‘किस्से’ करतो. डॉ. श्रीराम लागूंनी चालू डॉक्टरकी सोडून चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ रंगभूमी धरली, याचा आपण आदराने अभ्यास करतो, आणि तो करायलाच हवा. पण राजा गोसावी म्हटलं की काय आठवतं? ‘लाखाची गोष्ट’मध्ये नायक असलेला हा माणूस पुण्याच्या भानुविलास टॉकीजच्या खिडकीत बसून त्याच सिनेमाची तिकिटं विकत होता. ऐकून लोक हसतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. त्याआधी मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ते काम करताना आणि दामुअण्णा मालवणकरांच्या नाटक मंडळीत वावरताना गोसावींनी काय टिपलं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. जॉनी वॉकर बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते, हाही असाच किस्सा. दिवसभर भरलेल्या बसमध्ये शेकडो माणसांच्या चाली, आवाज आणि लकबी पाहणं ही नटाची केवढी मोठी तालीम आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. दादांच्या बाबतीत तर या खोडीने कहर केलाय. त्यांचं अख्खं तरुणपण चार चुटक्यांत गुंडाळून ठेवलंय.

तेव्हा ते तरुणपण जरा उलगडून पाहू.

कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२चा, मुंबईतल्या नायगावचा. कुटुंब मूळचं भोरजवळच्या इंगवलीचं, घरातली माणसं बॉम्बे डाइंगच्या गिरणीत कामाला. गाव आणि गिरणी ही जोडी त्या काळातल्या लाखभर घरांची. पावसाळ्यात शेताची काळजी, पगाराला मनिऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गाव. या मुलांच्या कानावर दोन भाषा सतत पडायच्या : घरात देशावरची, बाहेर मुंबईची. दादांच्या पुढच्या सगळ्या भूमिकांत जो खेडवळ दिसतो ना, त्याच्या बोलण्यात मुंबईची एक धार आहे. त्याला शहरातल्या शहाण्यांची नस ठाऊक आहे. हे मिश्रण नायगाव-लालबाग-परळ या पट्ट्यातच तयार होऊ शकतं.

आणि तो पट्टा तेव्हा कसा होता? लालबागला हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे. परळला दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं व्हायची. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक चाळीचाळींसमोर उभं राहून वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, करत होतं. भजनी मंडळं, गणेशोत्सवातले मेळे, नमन, दशावतार, सगळं चालत जाता येईल इतक्या अंतरावर. गिरणीच्या साचाखात्यात यंत्रांचा आवाज इतका की माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलत. पाळी सुटल्यावर हीच माणसं तमाशाला बसायची. त्यांना हसवणं सोपं नव्हतं. दिवसभर राबून आलेला माणूस पदरचे पैसे टाकून बसलेला असतो, त्याला आवडलं नाही तर तो गप्प बसत नाही.

तरुणपणी आपण दांडगट होतो, मारामाऱ्या करायचो, हे दादांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्यात रंगवण्यासारखं काही नाही, त्या वस्तीत ते नवलाचंही नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका वर्षात घरातली जवळची माणसं एकापाठोपाठ गेली, आणि ते व थोरला भाऊ एवढेच उरले. या धक्क्यातून बाहेर येताना आपण लोकांना हसवायचं ठरवलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. यावर मी जास्त लिहीत नाही. फक्त तुमच्या वर्गात विनोदाचा सिद्धांत शिकवताना हे मुलांना एकदा सांगा, एवढंच.

पुढची दोन कामं मला फार महत्त्वाची वाटतात, आणि दोन्ही फक्त गंमत म्हणून सांगितली जातात.

पहिलं काम बॅण्डचं. दादा बॅण्डमध्ये वाजवायचे. लग्नाची वरात डोळ्यांसमोर आणा. नवरदेव घोड्यावर, पुढे नाचणारी पोरं, मागे घाई करणारे वडीलधारे. बॅण्डवाल्याला सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं. पोरं पेटली की लय चढवायची, दमली की उतरवायची, कुणी नोट काढली की त्याच्यासमोर चार आवर्तनं जास्त घ्यायची, वळणावर गाडी अडली तर जागच्या जागी वाजवत राहायचं. समोरच्या घोळक्याचा श्वास ओळखून आपला ठेका बदलणं हे ते काम. पडद्यावरचे दादा पुन्हा बघा. समोरचा बोलून झाल्यावर ते लगेच उत्तर देत नाहीत. आधी डोळे मिचकावतात, मान किंचित कलते, आणि प्रेक्षकाला वाटतं आता काही येत नाही, तेव्हा वाक्य पडतं. संवादातलं हे टायमिंग कागदावर लिहिता येत नाही. माझं ठाम मत आहे की त्याचं मूळ त्या ठेक्यात आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याने यावर प्रबंध लिहावा इतका हा विषय मोठा आहे.

दुसरं काम अपना बाजारमधलं. कामगारांच्या सहकारातून उभ्या राहिलेल्या या दुकानात दादा महिना साठ रुपयांवर नोकरीला होते. वाण्याच्या दुकानासारखी गिऱ्हाइकं इथेही रोज तीच यायची, कमी पैशात जास्त दिवस काढायची विवंचना घेऊन. महिनाअखेरीला कोण काय मागतं, कसं मागतं, नाही म्हणताना चेहरा कसा होतो, हे काउंटरमागे उभं राहणाऱ्याला दिसतं. ज्यांच्यासाठी त्यांनी पुढे सिनेमे काढले, त्या माणसांना ते साखर-डाळीच्या हिशेबातून ओळखत होते.

मग राष्ट्र सेवा दल, ही समाजवादी विचारांची युवक संघटना. इथे मात्र तुम्हाला थोडा दोष देतो, कारण सेवा दलाचं कलापथक तुमच्या पुस्तकांत आहे, वसंत बापट आहेत, पु. लं.चं ‘पुढारी पाहिजे’ आहे, निळू फुले आणि राम नगरकर यांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ही कुठे कुठे आहे. दादा त्याच परंपरेतून आले. मग त्या प्रकरणात त्यांचं नाव का नसतं? सेवा दलाची शिस्त, जातीपातीच्या पलीकडचा संघ आणि तमाशाचा बाज घेऊन चालू प्रश्नावर बोलायची रीत, हे सगळं दादांनी तिथे पाहिलं. पुढे त्यांचं राजकारण वेगळ्या दिशेला गेलं, हे खरं. म्हणून त्यांच्या शिक्षणाचं घर बदलत नाही.

तिथून ते वगनाट्यांत आले. ‘खणखणपूरचा राजा’मधलं त्यांचं काम लेखक वसंत सबनीस यांना आवडलं. दादांनी त्यांना आपल्यासाठी लिहायची गळ घातली आणि सबनीसांचा ‘छपरी पलंगाचा वग’ १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने रंगमंचावर आला.

या वगावर मला थोडं थांबायचंय. गोष्ट साधी आहे. राज्याचा कोतवाल मरतो. हवालदाराला वाटतं, आता आपला नंबर. पण प्रधान आपल्या मेहुण्याला कोतवाल करतो. मग हवालदार आपल्या प्रेयसीला, मैनेला, हाताशी धरतो. नवा कोतवाल मैनेवर भाळलेला. ती म्हणते, राजाचा छपरी पलंग आणून द्या, विच्छा पुरी करा. कोतवालच राजाचा पलंग चोरायला जातो आणि पकडला जातो. वशिला, नालायकी, हुशारीने काढलेला काटा, हे सगळं तमाशातल्या राजाच्या नावाने सांगितलेलं, आणि बघणारा प्रत्येक जण आपल्या कचेरीतला, आपल्या पंचायतीतला प्रधान ओळखत होता.

दादा यात हवालदार होते. संहिता आज पुस्तकात वाचता येते आणि सबनीसांचं लेखन वाचतानाही हसू येतं. पण तमाशाच्या सुरुवातीचे गण (देवाचं स्तवन) आणि गौळण (कृष्ण-गवळणींचा खेळ) झाल्यावर बतावणी, म्हणजे विनोदी सवाल-जवाब, सुरू झाली की नट कागदाला बांधलेला राहत नाही. त्या दिवशीच्या पेपरातली बातमी, त्या गावचा आमदार, पहिल्या रांगेत उशिरा येऊन बसलेला बडा माणूस, सगळे वगात ओढले जातात. सोंगाड्याला, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाला, हे स्वातंत्र्य तमाशाने पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं आहे, आणि ते दादांनी पुरेपूर वापरलं. या वगाचे हजाराहून जास्त प्रयोग झाले. हजार वेळा तोच हवालदार, दर वेळी नवा प्रेक्षक. कोल्हापुरात कुठल्या वाक्याला हशा येतो आणि नागपुरात तेच वाक्य का पडतं, शिट्टी कुठे येते, बायका पदर तोंडाला लावून कुठे हसतात आणि कुठे हसू थांबवतात, हे ज्याने हजार रात्री कानांनी मोजलं, त्याला महाराष्ट्राचा नकाशा हशांतून पाठ झाला होता. इतकी तालीम घेऊन सिनेमात आलेला दुसरा मराठी नट मला सांगा.

सिनेमाची दारंही या वगानेच उघडली. आशा भोसले यांनी प्रयोग पाहिला, भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव काढलं, आणि १९६९मध्ये भालजींच्या ‘तांबडी माती’त दादा पहिल्यांदा पडद्यावर आले. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी स्वतः निर्माते होऊन त्यांनी ‘सोंगाड्या’ काढला. कथा पुन्हा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. पुढची कोहिनूर थिएटरची हकीकत, देव आनंदच्या सिनेमासाठी नाकारलेलं थिएटर आणि बाळासाहेबांची मध्यस्थी, ही इतक्या वेळा सांगितली गेलीय की मी ती सोडून देतो. त्या हकीकतीने थिएटर मिळालं. आठवड्यामागून आठवडे ते भरत राहिलं, याचं उत्तर मात्र नाम्यापाशी आहे.

नाम्या हा ‘सोंगाड्या’चा नायक, भाबडा पोरगा. आईचं ऐकणारा, तमाशाच्या नादाला लागलेला, कलावतीवर जीव जडलेला. आई चिडून त्याला घराबाहेर काढते. रत्नमाला आणि दादा यांचे आई-मुलाचे प्रसंग वर्गात आवाज बंद करून दाखवा. आई रागावते तेव्हा तो तिच्याकडे सरळ बघत नाही, खालून वर बघतो, अपराध केलेल्या लहान पोरासारखा. ढगळ चड्डी, तिची लोंबणारी नाडी आणि ओठांवरचं अर्धवट हसू. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाच्या अंगावर हे वेड्यासारखं दिसायला हवं होतं. ते पटतं, कारण त्या शरीरात कुठेही आपण विनोद करतोय याची जाणीव दिसत नाही. त्या लोंबत्या नाडीवर लोकांनी नाकं मुरडली. मला ती अभिनयाची एक अस्सल जागा वाटते. ती दिसली की प्रेक्षक या माणसाला निरागस मानून मोकळा होतो, आणि मग त्याच्या तोंडी काहीही घालता येतं.

द्व्यर्थाचं गणितही इथेच सुटतं. बोलणाऱ्याला दुसरा अर्थ कळलेलाच नाही, असं तो दाखवतो. कळतो तो आपल्याला. माझ्या शब्दाचा सरळ अर्थ आहे, वाकडा तुमच्या मनात आहे, हा दादांचा युक्तिवाद सेन्सॉरपुढेही असायचा. गौळणीतला कृष्णाचा सवंगडी पेंद्या आणि गवळणींची मावशी यांची जुगलबंदी ज्याने बघितलीय, त्याला हे तंत्र कुठून आलं ते सांगावं लागत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांनी ती बघितलेली नसते, म्हणून त्यांना दादा अचानक आकाशातून पडलेले वाटतात.

मी दादांचा आंधळा भक्त नाही. १९८०नंतरच्या त्यांच्या अनेक चित्रपटांत गोष्ट पातळ झाली, विनोद शब्दांपुरता उरला, बाईचं पात्र नुसतं विनोदाचं लक्ष्य झालं. हिंदीत तर त्यांच्या मागचा आधारच सुटला होता, कारण ती बोली नव्हती आणि तो प्रेक्षकही नव्हता. हे सगळं वर्गात स्पष्ट बोला. मुलींना यावर राग येत असेल तर तो राग चर्चेत यायला हवा. पण ‘पांडू हवालदार’पर्यंतचे दादा आणि नंतरचे दादा यांत काय हरवलं, हे समजायचं असेल तर आधी काय होतं ते माहीत हवं. त्याशिवायची टीका पोकळ राहते.

अडचण कुठे आहे तेही मला दिसतं. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथे तमाशा शिकवला जातो. नाट्यशास्त्र वेगळ्या विभागात. चित्रपट आणखी तिसरीकडे. पुण्यात ललित कला केंद्र आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. दादा तमाशा, वगनाट्य आणि सिनेमा या तिन्ही घरांत राहिले, त्यामुळे कुठल्याच विभागाला ते आपले वाटत नाहीत. लोककलावाले म्हणतात ते सिनेमात गेले, सिनेमावाले म्हणतात ते तमाशातले. हे कुंपण तुम्हीच काढू शकता, अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. लोककला आणि चित्रपट या दोन विभागांनी मिळून एक सत्राचा ऐच्छिक विषय ठेवावा. त्यात बतावणी मुलांनी स्वतः उभी करावी, ‘विच्छा’चा एखादा प्रवेश त्या आठवड्याच्या बातम्या घालून वस्तीत जाऊन करावा, आणि मग ‘सोंगाड्या’ बघावा. याच क्रमाने, उलट नको. गोसावी, शरद तळवलकर, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या सुरुवातीच्या वर्षांनाही हीच वागणूक मिळावी. बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात काम करत मोठे झाले, ‘टुरटुर’ने ते लोकांना दिसले, हाही एका ओळीत उरकण्यासारखा विषय नाही.

आणि एक काम मात्र खरोखर घाईचं आहे. राम नगरकर १९९५ला गेले, दादा १९९८ला, सबनीस २००२ला, निळूभाऊ २००९ला. त्या काळात वगनाट्यांच्या गाड्यांतून फिरलेले ढोलकीवाले, पेटीवाले, पडदे बांधणारे, तिकीटविक्री सांभाळणारे, त्यातले काही जण अजून आहेत आणि सगळे वयाने फार थकले आहेत. बतावणीत त्या रात्री काय म्हटलं गेलं हे त्यांनाच आठवतं. विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून त्यांच्याकडे पाठवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, सोबत तारीख, गाव आणि सांगणाऱ्याची परवानगी नोंदवा, आणि त्या ध्वनिफिती विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुणालाही ऐकता येतील अशा ठेवा. नायगाव, लालबाग आणि परळमधली जुनी माणसं शोधून द्यायला मी आणि माझ्यासारखे अनेक जण तयार आहोत. येत्या सत्राच्या प्रकल्पांची यादी कराल तेव्हा त्यात हा विषय घाला, म्हणजे दिवाळीआधी पहिल्या मुलाखती सुरू होतील.

आपला,
गिरणगावातला एक प्रेक्षक